तपासणीचं टेबल

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर वर्षभर घरी बसून काढलं, आणि मग जी नोकरी लागली तिचं नाव घरात कुणालाच नीट घेता यायचं नाही. मॉनिटरिंग ऑफिसर. आई गल्लीत सांगायची, "आरोग्याकडं लागलीया, तपासायला जाती." मी ते कधी दुरुस्त केलं नाही. पण एकदा मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीच विचारलं, "म्हणजे नेमकं काय तपासता?" मी सांगितलं. एड्स आणि गुप्तरोग होऊ नयेत म्हणून आमची संस्था वस्त्यांमध्ये काम करते. धंदा करणाऱ्या बायकांपर्यंत निरोध पोचतात का, त्यांची वेळेवर तपासणी होते का, ते मी जाऊन बघते. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एड्सच्या पाट्या कोल्हापूरच्या भिंतीभिंतींवर रंगवलेल्या होत्या, पण घरात तो शब्द उच्चारला की लोक आवाज खाली आणायचे. माझ्याकडं कबनूर होतं. महिन्यातून दोन मंगळवारी कोल्हापूरहून इचलकरंजीची एस.टी. धरायची आणि तिथून वडापच्या जीपनं कबनूर. यंत्रमागांच्या शेडमागं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या. त्यातल्या बऱ्याच बायका दिवसा मागावर कांड्या भरायच्या आणि त्यातल्याच काहीजणी धंदाही करायच्या. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही आणि तो कळू नये अशीच त्यांची इच्छा होती.

या बायकांमधूनच संस्थेनं काहीजणींना निवडून शिकवलं होतं. बाकीच्यांना समजावून सांगायचं, निरोध द्यायचे, दवाखान्यात न्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यातली सगळ्यात मोठी होती तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पंचेचाळिशीची असेल. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा. चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची हळू, बोट ठेवून, पण एकदा वाचलेलं विसरायची नाही.

महिन्यातल्या दोन गुरुवारी तिथं आमचा दवाखाना भरायचा. गुप्तरोगाच्या जखमा अंगावर काढल्या तर एच.आय.व्ही.ची लागण लवकर होते, म्हणून प्रत्येक बाईची ठरलेल्या महिन्यांनी आतून तपासणी झालीच पाहिजे असा प्रकल्पाचा नियम होता. इचलकरंजीचे एक डॉक्टर त्यासाठी यायचे. मी मंगळवारी जायची, त्यामुळं त्यांची किंवा त्यांच्या कंपाउंडरची आणि माझी कधी गाठ पडली नव्हती. मी बघायची ते रजिस्टर. रजिस्टरात प्रत्येक बाईच्या नावापुढं टिक होती. पहिले तीन महिने मी त्यावर विश्वास ठेवला आणि "तपासणीचं काम उत्तम" असं लिहून मोकळी झाले.

चौथ्या महिन्यात मला दिसलं की सगळ्या टिका एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या, एका बैठकीत मारल्यासारख्या आहेत. मी रजिस्टर काखेत घालून आक्काच्या दारात गेले. ती उंबऱ्यात बसून गवार मोडत होती. शेजारच्या दोघीतिघी तिथंच होत्या.

"आक्का, गेल्या गुरुवारी किती जणी गेल्या होत्या तपासायला?"

"कागदावर बगा की."

"कागदावर सगळ्या गेल्यात."

"मग गेल्या असतील."

"खरं सांगा."

तिनं मान वर केली. "खरं सांगितलं तर तुमच्या फारमात कुठं लिवणार? जागा हाय का तसली?"

मी फॉर्म बघितला. किती आल्या, किती आल्या नाहीत, एवढंच होतं. का आल्या नाहीत याला रकाना नव्हता.

"तुमी एक डाव जाऊन झोपा त्या टेबलावर," आक्का म्हणाली. "मग या आनि इचारा मला."

बाकीच्या हसल्या. मी म्हणाले, "जाते." हसणं थांबलं.

मी का हो म्हणाले हे आज नीट सांगता येत नाही. धाडस वगैरे नव्हतं. तीन महिने मी खोट्या टिकांखाली सह्या केल्या होत्या त्याचा राग होता, आणि त्या हसल्या त्याचाही होता.

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसात रजा टाकली. आक्काकडं जाऊन पंजाबी ड्रेस काढला, तिथल्याच एकीची साडी नेसले. घड्याळ आणि संस्थेचं ओळखपत्र आक्काच्या डब्यात ठेवलं. रजिस्टरात नाव काय सांगायचं तेही तिनंच ठरवून दिलं.

दवाखाना म्हणजे बंद पडलेल्या एका शेडची पुढची खोली. आत टेबल, बाहेर बाक. मध्ये दार होतं, पण ते लावत नव्हते, कारण लावलं की आत अंधार व्हायचा. पडद्याची सळई होती, पडदा नव्हता. बाकावरच्या बायकांना टेबल सरळ दिसायचं, आणि बाकापलीकडं रस्ता होता, तिथं पाळी बदलायला आलेले मागवाले विड्या ओढत उभे असायचे. टेबलाच्या पायथ्याशी कंपाउंडर रजिस्टर घेऊन बसला होता. चाळिशीतला माणूस.

माझ्या आधीची बाई उतरली. डॉक्टरांनी तपासणीचं लोखंडी यंत्र ट्रेशेजारच्या वाडग्यात बुचकळलं, झटकलं आणि फडक्यावर ठेवलं. "चढ," ते मला म्हणाले.

मी चढले.

"किती वर्षं धंद्यात?"

आवाज एवढा मोठा की बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या.

"रोज किती येतात? बोल की. तिकडं तोंड चालतं, इथं काय झालं?"

कंपाउंडर रजिस्टरात बघत हसला. डॉक्टरांनी फडक्यावरचं तेच यंत्र उचललं.

"ते उकळलेलं नाही," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता त्यांना वापरलं ते. उकळायला पाहिजे."

यंत्र हातात तसंच धरून ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "धंदा करताना लाज वाटत नाही, आणि इथं सतरा नखरे."

मी टेबलावरून उतरले. सुटलेल्या निऱ्या परत खोचल्या. 'मी मॉनिटरिंग ऑफिसर आहे' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. बोलले असते तर डॉक्टर उठून उभे राहिले असते, मला मॅडम म्हणाले असते, चहा मागवला असता. आणि मी वडापमध्ये बसल्यावर बाकावरच्या पुढच्या बाईला त्यांनी "चढ" म्हटलं असतं.

"मला तपासायचं नाही," मी म्हणाले.

"मग गोळ्या मिळणार नाहीत."

"नकोत."

चपला घालताना मी कंपाउंडरच्या रजिस्टरात डोकावले. माझ्या खोट्या नावापुढं त्यानं टिक मारली होती.

आक्का बाकाच्या टोकाला उभी होती. ती मला खोलीवर घेऊन गेली, पाणी दिलं, आणि मी ते पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता इचारा काय इचारायचं ते."

मला विचारायला काही उरलं नव्हतं. मग तीच सांगत बसली. बहुतेकजणी एकदा जाऊन आल्यावर परत जात नाहीत. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, तरी मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या खातात. जाणाऱ्यांना डोळे मिटून पडायची सवय झालीय. "आमी मानूस हाय हे त्याला ठावंच न्हाय," ती म्हणाली. "आनि तुमास्नी सांगावं तर तुमी निरोध मोजून जाताय."

मी हाताने सहा पानं रिपोर्ट लिहिला. जे झालं ते तसंच लिहिलं, माझ्यासकट.

संस्थेच्या संचालकांना आम्ही सर म्हणायचो. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. या विषयावर कुणी तोंड उघडत नव्हतं तेव्हा त्यांनी गावोगाव सभा घेतल्या होत्या, शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांनी सहाही पानं वाचली आणि चष्मा काढला.

"तुम्हाला पेशंट म्हणून जायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग याला काय मॉनिटरिंग म्हणतात?"

"सर, टिक माझ्यापुढंही आहे. मी तपासून घेतलेलं नाही."

"हा डॉक्टर गेला तर दुसरा येणार नाही. मी सात जणांच्या दारात जाऊन आलोय. धंद्याच्या बायका म्हटल्यावर सातही जणांनी हात जोडले. पुढच्या महिन्यात वरून टीम येणार आहे. रिपोर्ट बदला."

"नाही बदलणार."

"मग मी बदलतो."

"बदला. पण त्यावर सही माझी नसेल."

त्यांनी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्या दिवशी ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं नाही.

कबनूरला मात्र बोलणं सुरू झालं होतं. मी टेबलावरून उतरून निघून आले ही गोष्ट खोल्याखोल्यांत पोचली होती, आणि बायकांनी आपसांत ठरवलं की जोवर दवाखाना सुधारत नाही तोवर एकीनंही जायचं नाही. हे मी सांगितलेलं नव्हतं. माझ्यावर पुढं तसा आरोप झाला म्हणून मुद्दाम लिहिते. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येऊन दोन तास बसले, बाक रिकामा. आक्का एकटी आत गेली आणि रजिस्टराशेजारी जाऊन बसली. कंपाउंडरला म्हणाली, "आज हितं काय बी लिवायचं न्हाय. लिवलंस तर मला वाचाय येतंय." ते पान कोरं राहिलं.

कोऱ्या पानाचा धसका ऑफिसनं घेतला. कोल्हापुरात बैठक बोलावली. सर, डॉक्टर, मी आणि फील्डवरचे दोघे. आक्काला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली, आणि तिच्याबरोबर आणखी तिघी, एस.टी.नं, धुतलेल्या साड्या नेसून. सरांनी त्यांच्यासाठी बाहेर खुर्च्या टाकायला सांगितल्या. आक्का म्हणाली, "भाईर बसाय आमी कबनुरातनं आलो न्हाय," आणि आत येऊन बसली.

डॉक्टरांनी मला बघितलं. आधी ओळख पटली नाही, मग पटली. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, तुम्ही सांगायचं होतं तेव्हाच."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

उत्तर आक्कानं दिलं. "तेंच्यापुरता पडदा लावला असतासा."

मग तिनं बायकांचं म्हणणं सांगितलं, बोटांवर मोजत. पडदा पाहिजे. आत पुरुष कंपाउंडर नको. यंत्र आमच्यादेखत उकळायचं. इचारायचं ते हळू इचारायचं. आणि शेवटी म्हणाली, "आमाला आवजाव करायचं."

बाकी सगळ्याला डॉक्टर कदाचित हो म्हणाले असते. या शेवटच्याला ते उठले. "माझी ओ.पी.डी. बुडवून मी यांच्यासाठी येतो. दुसरा कुणी येत नाही. आणि आता यांना अहो-जाहो करू?" बॅग उचलून ते गेले ते परत आले नाहीत.

सर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "झालं समाधान?"

त्यानंतर चार महिने दवाखाना बंद होता. सरांचं खरं निघालं, दुसरा डॉक्टर मिळेना. त्या चार महिन्यांतच, बैठकीला आलेल्या तिघींपैकी सर्वांत धाकटी आजारी पडली. ताप, पोटात कळा. तिनं आठवडाभर कुणाला कळू दिलं नाही. आक्कानं आणि मी तिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा पू पोटात पसरला होता. जीव वाचला, पिशवी काढावी लागली. ती पंचवीस वर्षांची होती आणि तिला मूल हवं होतं.

मी तीन दिवस तिच्या कॉटशेजारी बसून होते. तिनं मला दोष दिला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मी आक्काला म्हणाले, "दवाखाना चालू असता तर ही वेळ आली नसती."

"तवा बी ती गेली नसती," आक्का म्हणाली. "पयल्या वर्षी एकदा गेलती. परत गेलीच न्हाय."

हे खरं असेल. मला ते पुरलं नाही आणि आजही पुरत नाही.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं, टेबलावर झोपल्याचंही. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, मितभाषी माणूस. बापानं लेकीच्या तोंडून ऐकावं असं ते नव्हतं, पण ते मधे उठले नाहीत. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "छप्पन साली बौद्ध झाल्यावर तुझ्या आज्ज्यानं गावकीची कामं सोडली. मेलेलं जनावर वढणार न्हाय म्हणला. गावानं दोन वर्षं आमास्नी कामावर घेतलं न्हाय. माझी धाकटी भन त्या सालात गेली. खायाला नव्हतं म्हणून गेली, का दुखण्यानं, कुणाला ठावं."

"मग आजोबांना वाटलं असेल, की आपल्यामुळंच..."

"वाटलं असंल की. रात रात झोपायचा न्हाय. पण जनावर वढाय परत गेला न्हाय."

आबांनी मला शाबासकी दिली नाही आणि समजूतही घातली नाही. सकाळी उठून डबा घेऊन कामाला गेले. मी इचलकरंजीची एस.टी. धरली.

डॉक्टर शेवटी बायकांनीच शोधला. इचलकरंजीत एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, मागवाल्यांच्या बायकांची बाळंतपणं करायच्या. आक्का नेहमीच्या ओ.पी.डी.त नंबर लावून बसली आणि आत गेल्यावर सरळ सांगितलं, आम्ही कोण, काय करतो, आणि आमचं काय झालं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "संस्थेचं कार्ड वगैरे आणू नका. केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, नंबर आला की आत यायचं. माझ्याकडं सगळ्या तशाच येतात." मग त्या जायला लागल्या, दोघी-दोघी, वेगवेगळ्या दिवशी. गरोदर बायका, लहान पोरं घेतलेल्या आया, त्यांच्यामध्ये बसायच्या. आक्का मला सांगायची, "बाई मला 'तुमी' म्हनत्यात. 'तुमी दम धरा हं, दुखंल थोडं,' असं म्हनत्यात."

माझी अडचण आता वेगळी झाली. बायका तपासून घेत होत्या, औषधं घेत होत्या, आणि त्याचा एकही कागद आमच्याकडं नव्हता. सरांनी मला बोलावलं. त्यांचा सूर बदलला होता, थकल्यासारखे वाटत होते.

"त्या डॉक्टरीणबाईंकडून यादी आणा. आपल्या कोण कोण गेल्या, नावं, पत्ते, निदान."

"सर, तिथं त्या आपल्या म्हणून जात नाहीत. बाकीच्या पेशंटसारख्या जातात. म्हणूनच जातात."

"मग मी वर काय दाखवू? मोजणार कसं?"

मी सांगितलं की मी खोल्यांवर जाऊन विचारीन, कोण गेली, कोण नाही, त्रास कमी झाला का, परत जाणार का, आणि नावं न लिहिता ते कळवीन. याला वेळ लागेल, पण खरं कळेल. सर म्हणाले, हा पुरावा होत नाही. मी म्हणाले, मग त्या टिका पुरावा होत्या का?

यादी मी आणली नाही. मार्चमध्ये माझा करार संपला आणि तो पुढं वाढवला गेला नाही. पत्रात कारण लिहिलेलं नव्हतं. सरांनी स्वतः हातात पत्र दिलं, आणि जाता जाता म्हणाले, "ती सहा पानं मी फाडली नाहीत." त्यांनी ती पुढं कुणाला दाखवली का, हे मला माहीत नाही.

निरोप घ्यायला म्हणून मी कबनूरला गेले तर आक्का कुलूप लावून निघायच्या तयारीत. हातात पिशवी, पिशवीत कागद. तिला रेशनकार्ड काढायचं होतं, स्वतःच्या नावावर.

"नोकरी गेली म्हन की तुमची," ती म्हणाली.

"गेली."

"मग मोकळ्याच हायसा. चला माझ्यासंगं."

आम्ही रेशनच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"न्हाय."

"वारला?"

"न्हाय म्हनलं न्हवं. मी एकलीच हाय. माझंच नाव लिवा."

"तसं होत नाही, बाई. साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

आक्कानं कागद परत पिशवीत घातले, खिडकीसमोरच्या बाकावरची धूळ पदरानं झटकली आणि बसली. मला शेजारी जागा करून दिली.

"साहेब जेवून येतील की," ती खिडकीतल्या माणसाला म्हणाली. "आमी हाय हितंच."